फ्रिजमधल्या दोन बाटल्या

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आणि सासूबाई लोकमान्य नगरात एका ओळखीच्या घरी गेलो होतो. वाण घेतलं, तिळगूळ घेतला आणि मग तो प्रश्न आलाच. "अगं, केवढी बारीक झालीस! काय करतेस तरी काय?" गेल्या काही महिन्यांत हे इतक्यांदा ऐकलंय की उत्तर तोंडपाठ आहे. "काही नाही हो काकू, रोज चालते, रात्री लवकर जेवते." तेच म्हणायला मी तोंड उघडलं, तोच शेजारून सासूबाई म्हणाल्या, "इंजेक्शन घेते ती. आठवड्याला एक. डॉक्टरांनी दिलंय."

खोलीत क्षणभर सगळ्या गप्प. माझे कान तापले. मग विषय गजकवर गेला आणि मी सुटले.

निघताना बाहेर चप्पल शोधत होते, तेव्हा एक वहिनी मागून आल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मी पण घेतेय. घरात कुणालाच माहीत नाही. दोन दिवस झाले, पाणीसुद्धा पोटात राहत नाहीये. हे असंच असतं का?"

हे असंच नसतं. म्हणून हा लेख.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. वय छत्तीस, पदरी सहा वर्षांचा एक मुलगा. खाली जे लिहिलंय ते माझ्या अनुभवातून आणि माझ्या डॉक्टरांना विचारलेल्या शंभर प्रश्नांतून आलेलं आहे. ते वाचून कुणी इंजेक्शन सुरू करू नये आणि बंदही करू नये. पण घेत असाल, तर लपवून घेऊ नका. लपवण्याची किंमत मी मोजली आहे.

सुरुवात कशी झाली

माझी उंची एकशे सत्तावन्न सेंटिमीटर. गेल्या जूनमध्ये वजन होतं ९२ किलो. बाळंतपणानंतर चढलेलं उतरलंच नव्हतं. दिवसभर खुर्ची, रात्री अमेरिकेतल्या लोकांबरोबर मीटिंग आणि राहणं इंदुरात. इथे सकाळ पोहे-जलेबीने होते आणि पाहुणा आला की कचोरी येते, हे या मासिकाच्या वाचकांना मी काय सांगणार? डाएटही केलं होतं. एकदा नाही, पाच वेळा. पाच वेळा वजन उतरलं आणि प्रत्येक वेळी व्याजासकट परत आलं.

रक्ततपासणीत एचबीए१सी ६.३ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. माझ्या वडिलांना मधुमेह होता, बायपासही झाली होती. ते सगळं मी जवळून पाहिलंय. हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी माझी आणि घरच्यांची पूर्ण माहिती विचारली. थायरॉइडचा कर्करोग कुणाला होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, आणखी मूल हवं आहे का. मग म्हणाल्या, "इंजेक्शनचा विचार करू या. पण ही जादू नाही. खाण्याशी तुझं जे नातं आहे, ते तुलाच नव्याने जुळवावं लागेल."

हे औषध म्हणजे टिर्झेपटाइड. मार्च २०२५ मध्ये ते भारतात विक्रीला आलं. त्याच वर्षी जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शनही आलं. दोन्ही आठवड्यातून एकदा, कातडीखाली घ्यायची. माझी सुरुवात २.५ मिलिग्रॅमने झाली. चार आठवड्यांनी ५ मिलिग्रॅम करायचं ठरलं होतं. तेव्हा छोट्या बाटलीत औषध मिळायचं. २.५ ची बाटली साडेतीन हजारांची, ५ ची चार हजार तीनशे पंचाहत्तरची. महिन्याला चार बाटल्या. हिशेब तुम्हीच करा.

पोटात नेमकं होतं काय?

हे मला आधी समजलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं. म्हणून सोपं करून सांगते.

आपण जेवलो की आतडी काही हार्मोन सोडतात. त्यातलं एक म्हणजे जीएलपी-१. ते स्वादुपिंडाला सांगतं, इन्शुलीन सोड. जठराला सांगतं, जरा सावकाश. मेंदूला सांगतं, आता पुरे. आपलं स्वतःचं जीएलपी-१ काही मिनिटांत विरून जातं. औषध मात्र शरीरात कितीतरी दिवस टिकतं. टिर्झेपटाइडचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे पाच दिवस लागतात. जीएलपी-१ च्या जोडीला जीआयपी नावाच्या दुसऱ्या हार्मोनचं कामही ते करतं.

या औषधांच्या कुळाची एक गंमत आहे. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा एक विषारी सरडा असतो. वर्षातून मोजक्याच वेळा पोटभर खाऊन तो भागवतो. त्याच्या विषात जीएलपी-१ सारखंच काम करणारा, पण जास्त टिकणारा पदार्थ डॉ. जॉन इंग यांना सापडला आणि १९९२ मध्ये त्यांनी तो जगासमोर मांडला. त्यावर बेतलेलं या गटातलं पहिलं औषध २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आजची इंजेक्शनं काही सरड्यापासून बनत नाहीत, पण वाट तिथून सुरू झाली. पुढे कधीतरी हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तुला सरड्याची भूक लागली म्हणायची!"

तर मुद्दा हा, की जठर सावकाश रिकामं होतं. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर ही रांग आहे. रांग पुढे सरकत नसताना मागून माणसं ढकलत राहिलो तर काय होईल? चेंगराचेंगरी. मळमळ, उलटी, छातीत जळजळ, कुजक्या अंड्यासारखा वास येणारे ढेकर, बरंचसं याच चेंगराचेंगरीचं रूप. कुणाला बद्धकोष्ठ होतं, कुणाला जुलाब, कुणाला आळीपाळीने दोन्ही.

हा काही अपवाद नव्हे. २०२२ मध्ये टिर्झेपटाइडची अडीच हजारांहून जास्त लोकांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात मात्रेनुसार साधारण चौघांतल्या एकाला ते तिघांतल्या एकाला मळमळ झाली होती. बहुतेकांचा त्रास सौम्य ते मध्यम होता आणि मुख्यतः मात्रा वाढवण्याच्या काळातला होता. त्रासामुळे औषध सोडणारे थोडे होते. म्हणजे त्रास होणं नेहमीचं आणि तो आटोक्यात ठेवता येणंही नेहमीचंच. फक्त त्यासाठी तो कुणाला तरी सांगावा लागतो.

श्रीखंडाचा डबा

मी सांगितलं नाही. फक्त नवऱ्याला माहीत होतं.

का लपवलं? एक तर पैसे. महिन्याला चौदा हजार रुपये स्वतःच्या भुकेवर खर्च करतेय, हे सांगायची लाज वाटली. दुसरं म्हणजे 'सोपा मार्ग' हा शिक्का. "आमच्या वेळी नव्हती हो असली थेरं" हे वाक्य कोण कुठे म्हणेल, ते मला आवाजासकट ऐकू येत होतं. आणि तिसरं, सगळ्यात मोठं कारण म्हणजे सासूबाई. त्या फार बोलत नाहीत, वाढतात. ऑफिसात वाईट दिवस गेला की रात्री पानात घरचं ताजं लोणी असतं. मुलाच्या वेळी मी नऊ महिने माहेरपण भोगलं ते याच घरात. त्यांच्या हातच्या पोळीला "नको" म्हणण्यासाठी मी औषध विकत घेतलंय, हे त्यांना कसं सांगू?

औषध फ्रिजमध्ये, दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. फ्रिज सगळ्यांचा. म्हणून श्रीखंडाचा एक रिकामा डबा धुऊन पुसून त्यात बाटल्या ठेवल्या आणि डबा मागे सरकवला. १९ जुलैला, शनिवारी रात्री, पहिलं इंजेक्शन घेतलं.

दोन दिवसांत जे झालं ते विलक्षण होतं. डोक्यात सतत एक रेडिओ चालू असायचा. चार वाजले, काहीतरी खाऊ या. डब्यात चिवडा आहे. मुलाने अर्धी पोळी टाकलीय. तो रेडिओ बंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं, की काही लोकांच्या डोक्यात तो मुळी वाजतच नसावा. इतकी वर्षं मी ज्याला माझा हावरटपणा समजत होते, तो सगळा माझा दोष नव्हता. त्या रात्री मी थोडी रडले.

मग आली राखी. नऊ ऑगस्ट, शनिवार. नणंद पुण्याहून मुलांना घेऊन आली. त्याच रात्री माझं चौथं इंजेक्शन झालं आणि रविवारी रात्री सगळी वरात सराफ्यात. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, कचोरी, शेवटी गरम जलेबी. भूक नव्हती, पण नणंदेला शंका येऊ नये म्हणून मी सगळं खाल्लं. रात्री दोन वाजल्यापासून बाथरूममध्ये. "बाहेरचं बाधलं असेल," म्हणत सासूबाईंनी ओव्याचं पाणी दिलं. मी सराफ्याची बदनामी मुकाट ऐकून घेतली. डॉक्टरांनाही कळवलं नाही. ठरल्याप्रमाणे १६ तारखेला ५ मिलिग्रॅम सुरू केलं.

२३ तारखेला दुसरा डोस. रविवार-सोमवार उलट्या आणि जुलाब. घोटभर पाणी प्यायलं तरी ढवळायचं. ऑफिसात मोठी रिलीज होती, त्यात ते दडपलं. मंगळवारी, २६ ऑगस्टला, हरतालिका. आमच्याकडे निर्जळी असते. नाही कशी म्हणणार? नाही म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं.

दुपारी पूजा झाली. पाचच्या सुमारास देवघरातून उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचं मला आठवतं ते थेट दवाखान्यातलं. रक्तदाब खूप खाली गेला होता. सकाळपासून लघवी जवळपास झाली नव्हती. शरीरातलं पाणी संपल्यामुळे मूत्रपिंडावर ताण आला होता आणि रक्तात क्रिएटिनीन वाढलं होतं. सलाईन लावताना तरुण डॉक्टरांनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत?"

उशाशी सासूबाई उभ्या होत्या. मी गप्प.

त्या म्हणाल्या, "अगं, श्रीखंडाच्या डब्यातलं औषध सांग की त्यांना."

महिनाभर ज्या गप्प राहिल्या

त्यांना सगळं ठाऊक होतं. सासूबाई दहा वर्षांपासून इन्शुलीन घेतात. त्यांची बाटली त्याच फ्रिजमध्ये असते. "श्रीखंडाचा डबा आठ दिवस कुणी उघडत नाही, असं या घरात कधी झालंय?" त्या म्हणाल्या. "उघडून पाहिला. बाटलीवरचं नाव वाचलं, शेजारच्या मेडिकलवाल्याला विचारलं. त्याने सांगितलं कशाचं आहे ते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहत होते. त्याआधी तर मला वाटत होतं, माझ्या हातचं आवडेनासं झालं तुला."

सलाईनची दुसरी बाटली अर्धी झाली होती, तेव्हाचं हे बोलणं. मग त्या म्हणाल्या, "निर्जळी करू नकोस, हे मी म्हणायला हवं होतं. मला वाटलं, डॉक्टरांना विचारून करत असशील. डॉक्टरांनी सांगितल्यावर मीच नाही का सोडला उपास? देवाला चालतं गं. न सांगितलेलं माणसांना चालत नाही."

दुसऱ्या दिवशी गणपती आले. मी पलंगावर. सासूबाईंनी एक लिंबाएवढा मोदक केला होता, माझ्यासाठी वेगळा. मी अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा मुलाने "आई, तुझं पोट बाप्पापेक्षा लहान झालंय का?" असं विचारत संपवला.

मग आम्ही काय केलं

'आम्ही' हा शब्द इथून पुढे. डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी दोन आठवडे इंजेक्शन थांबवलं, क्रिएटिनीन मूळ पातळीवर आल्याची खात्री केली आणि पुन्हा २.५ पासून सुरुवात करून दिली. ५ मिलिग्रॅम थेट दिवाळीनंतर. घाई नाही. मात्रा वाढवणं म्हणजे परीक्षा पास होणं नव्हे, हे मला तेव्हा कळलं. इंजिनीअरच्या सवयीने मी एक तक्ता केला. तारीख, डोस, काय खाल्लं, किती वाजता, काय त्रास झाला. दोन महिन्यांत त्यातून जे कळलं ते असं.

*वार.* माझा त्रास इंजेक्शननंतरच्या पहिल्या दोन दिवसांत जास्त असतो. शनिवारी इंजेक्शन घेतलं की रविवार-सोमवार वाईट आणि आपली सगळी लग्नं, मुंजी, पाहुणे रविवारी. डॉक्टरांना विचारून वार बदलून बुधवार केला. दोन डोसांत किमान तीन दिवसांचं अंतर हवं, एवढं पाळायचं. गुरुवार-शुक्रवार मी घरून काम करते आणि साधं जेवते.

*ताट.* सासूबाईंनी माझं ताट मुलाच्या ताटलीवर आणलं. पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून थोडं थोडं, चार-पाच वेळा. सावकाश. पहिल्या "पुरे"ला थांबायचं, पानात दोन घास उरले तरी. 'पानात टाकू नये' या शिकवणीवर त्यांनीच तोड काढली, "आधी वाढूच नये!"

*तळण.* तेला-तुपातलं पोटात सगळ्यात जास्त रेंगाळतं. कचोरी, भजी, शेव भुरभुरलेले पोहे, इंजेक्शननंतरचे दोन दिवस पूर्ण बंद. एरवी चवीपुरतं. फोडणीच्या वासानेही मळमळायचं, म्हणून बुधवारी रात्रीपासून फोडणी माझ्या खोलीचं दार लावून.

*प्रथिनं आधी.* भूक कमी, म्हणजे जे चार घास जातात ते कामाचे हवेत. मला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. शाकाहारी घरात हे सोपं नाही. वाटीभर घट्ट वरणातून जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात. मुगाचं धिरडं पनीर घालून, मटकीची उसळ, घट्ट दही, सोयाबीन मिसळलेलं थालीपीठ, भाजलेले चणे, असं करत आम्ही तो आकडा गाठतो. पोळी-भात शेवटी, जागा उरली तर.

*पाणी.* भुकेबरोबर तहानही मंदावते, हे मला कुणी सांगितलं असतं तर! जेवताना पाणी कमी, मधल्या वेळात घोट घोट. टेबलावर खुणा केलेली बाटली असते. उलटी-जुलाब झाले तर ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

*मळमळ आणि जळजळ.* आल्याचा तुकडा, कोरडा खाकरा, गार ताक. रात्रीचं जेवण सातला. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. मळमळीची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली आहे, पण हे सगळं पाळल्यापासून ती फारशी लागत नाही.

*बद्धकोष्ठ.* भिजवलेल्या काळ्या मनुका, पपई, चालणं. इसबगोल घेत असाल तर भरपूर पाण्याबरोबरच. पाणी कमी पडलं तर तेच इसबगोल उलट अडवतं.

*टोचण्याची जागा.* हे सासूबाईंनी शिकवलं. पोट, मांडी, आलटून पालटून. बेंबीपासून दोन बोटं लांब. त्याच जागी पुन्हा नाही. सुई वापरली की जाड प्लास्टिकच्या डब्यात, कचऱ्यात उघडी नाही.

दोन गोष्टी, ज्यांनी मला घाबरवलं

नोव्हेंबरमध्ये केस गळायला लागले. कंगव्यात पुंजके. वजन झपाट्याने उतरलं किंवा शरीराला मोठा धक्का बसला, की दोन-तीन महिन्यांनी असं होतं. आजारपणानंतर किंवा बाळंतपणानंतर होतं तसंच. बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात. माझ्या रक्तात लोहाचा साठा कमी निघाला, त्याच्या गोळ्या चालू आहेत. सासूबाई रविवारी जास्वंदीचं तेल लावून देतात. त्याने गळणं थांबलं की नाही ते माहीत नाही, पण ते मी सोडणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ताकद. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर थोडा स्नायूही जातो. मुलाला उचलताना हात थरथरले तेव्हा हे लक्षात आलं. आता आठवड्यातून तीनदा घरीच पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलते आणि खुर्चीवरून उठ-बस करते.

आणि एक गोष्ट कुठल्याच कागदावर छापलेली नसते. रविवारी सकाळी पोहे-जलेबी खायला जाणं हा माझा आणि नवऱ्याचा लग्नाआधीपासूनचा नेम. आता जिभेला चव कळते, पण मनाला ओढ नाही. एकदा तिथे समोर जलेबी ठेवून मी नुसती बसून राहिले आणि वाटलं, काहीतरी गेलं आपल्यातून. डॉक्टरांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, हेही सांगायचं असतं, फार दिवस उदास वाटलं तर मला कळव. आता रविवारी आम्ही पिपल्यापाला तलावाकडे चालायला जातो, येताना तो पोहे खातो, मी चार घास त्याच्यातलेच. गप्पा तेवढ्याच होतात.

हे मात्र अंगावर काढू नका

पोटात वरच्या बाजूला जोराचं, न थांबणारं, पाठीकडे जाणारं दुखणं: स्वादुपिंडाची सूज असू शकते. उजवीकडे बरगडीखाली कळ, ताप, डोळे पिवळे: पित्ताशय. दिवसभर पाणीही न टिकणं, लघवी कमी आणि गडद होणं, चक्कर: पाणी संपतंय. नजर अचानक बिघडणं, चेहऱ्यावर सूज, श्वासाला त्रास. यातलं काहीही झालं तर ओव्याचं पाणी नाही, सरळ डॉक्टर.

मधुमेहासाठी इन्शुलीन किंवा साखर झटकन उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर साखर फार खाली जाऊ शकते. त्यांची मात्रा डॉक्टर बदलून देतात. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचं आवर्जून सांगा, कारण रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं. मैत्रिणींनो, गर्भनिरोधक गोळी घेत असाल तर टिर्झेपटाइड सुरू करताना आणि दर वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे तिच्यावर एकटीवर विसंबू नका. मूल हवं असेल तर औषध कधी थांबवायचं ते आधी विचारा. आणि उपास? तो करायचा की नाही, कसा करायचा, हेही डॉक्टरांना विचारण्याजोगंच आहे.

आता

आज माझं वजन ८१ किलो आहे. एचबीए१सी ५.६. अजून बराच रस्ता बाकी आहे. औषध कायम घ्यावं लागेल का, हा प्रश्न मला रात्री कधीकधी जागवतो. सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीत, औषध बंद केल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सरासरी दोन तृतीयांश परत आलं होतं. म्हणून मी औषधाच्या भरवशावर नाही. ते रांग आवरतंय तोवर, खाणं-चालणं-झोपणं बसवून घ्यायचंय.

त्या वहिनींना मी हळदीकुंकवाच्या दारातूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन करायला लावला. सलाईन घ्यावं लागलं. त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून मात्रा स्वतःच वाढवली होती. आता ती कमी करून मिळाली आहे आणि घरात नवऱ्याला, मुलीला माहीत आहे. परवा त्यांचा मेसेज आला, "काल दोन धिरडी खाल्ली. मुलीने केली."

आमच्याकडचा श्रीखंडाचा डबा पुन्हा श्रीखंडाचा झाला आहे. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात आता दोन डबे शेजारी असतात. निळ्या झाकणाचा सासूबाईंचा, रोजचा. लाल झाकणाचा माझा, बुधवारचा. चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून वर मोठ्या अक्षरात नावं, मुलाच्या हस्ताक्षरात. बुधवारी रात्री त्या स्वतःचं इन्शुलीन घेतात, चष्मा पुसतात आणि माझ्या खोलीकडे तोंड करून विचारतात, "झालं का गं तुझं? पाणी प्यायलीस का दिवसभर?"

घेत असाल, तर घरात निदान एका माणसाला सांगा. हा प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं.